दिसलं त्याचं काय करू?

आधी ती चष्मा काढायची. पदराच्या टोकानं दोन्ही काचा सावकाश पुसायची, परत नाकावर चढवायची आणि मग समोरच्या बाईकडं बघत म्हणायची, "दिसलं मला. आता दिसलं त्याचं काय करू?"

एवढं ऐकलं की त्या बाईची धडगत नाही हे आमच्या वायंडिंग खात्यात सगळ्यांना कळायचं. रिळं भरणाऱ्या हातांचा वेग आपोआप वाढायचा आणि माना खाली जायच्या.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी किंवा आळीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही आणि त्याच्यासमोर मोकळा श्वासही घेता येत नाही. आमची मुकादमीण तशी होती. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारावं, तर आता ती नाही.

मी सोलापुरात आले ती पार भंडाऱ्याकडून. दुष्काळ नुकताच सरला होता. सातवीत शाळा सुटली, मग लग्न झालं, नवऱ्याला रस्त्याच्या ठेकेदाराकडं काम लागलं आणि त्याच्या मागोमाग मी या ज्वारीच्या मुलखात येऊन पडले. तो बरेच दिवस मोहोळकडं, नाहीतर अक्कलकोटच्या वाटेवर. मी भात खाणारी, मला भाकरी थापता येईना. "काहून" म्हटलं की नळावरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

पुढं गिरणीत बदलीवर काम मिळालं. बदलीवर म्हणजे रोज सकाळी दाराशी जाऊन उभं राहायचं. एखादी कायम बाई आली नाही तर तिच्या जागी आत. दुसरीचं पोर तापानं फणफणलं की माझी चूल पेटणार, असला तो हिशेब. त्यामुळं मी दिसेल त्याच्याशी आभार मानल्यासारखी बोलायचे.

कुणाला आत घ्यायचं ते मुकादमिणीच्या हातात होतं. अशा हातावर काहीतरी ठेवायचं असतं, हे मी दोन दिवसांत शिकले. पण या बाईच्या हातावर काय ठेवणार? एकदा कुणीतरी तिच्या घरी शेंगाचटणीचा डबा नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं तो खात्याच्या दाराशी खिडकीत मांडला आणि मोठ्यानं म्हणाली, "कुणाची चटणी हाय ही, घेऊन जावा. चांगली दिसती. मी खाल्ली न्हाय."

कोण उठणार? दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी मिळून ती भाकरीबरोबर संपवली. माझ्या शेजारची लक्ष्मक्का कानात म्हणाली, "जी लई नावाजाया लागली हाय ना, तिचाच डबा."

मुकादमीण आमच्याच चाळीत, मिलच्या मागं राहायची. नवरा लवकर गेला होता. सासू, एक मुलगा आणि ती. मुलगा त्याच गिरणीत मागावर होता. सासू वारली तेव्हाची गोष्ट चाळीत अजून सांगतात. आमच्याकडं रेशनकार्डावर मेलेली माणसं वर्षानुवर्षं साखर खात असत. कुणाचा आजा, कुणाची चुलती, सगळे कार्डावर धडधाकट. हिनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन सासूचं नाव कापायला लावलं. दुकानदार म्हणाला, "राहू दे की बाई, कोण बघतंय?"

"मी बघितलं की. माझ्याच मांडीवर गेल्या त्या. आता त्यांची साखर मी कशी खाऊ?"

दुकानदार घाबरला आणि त्यानं चाळीतली सगळीच कार्डं तपासायला घेतली. त्या महिन्यात कितीतरी म्हातारी माणसं एकदम वारली. चाळ तिच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. तिच्या ते ध्यानातच आलं नसावं.

वातींचंही तसंच. वायंडिंगमध्ये तुटक्या, गुंता झालेल्या सुताचा ढीग पडायचा. कार्तिक आला की बाया त्यातलं मूठभर कमरेला खोचून न्यायच्या, दिव्याच्या वाती करायला. पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. देवाचं काम, त्यात चोरी कसली? नागव्वा म्हणून एक म्हातारी होती, तिच्या कमरेला सूत बघून मुकादमिणीनं चष्मा पुसला.

"अगं माझे आई, वातीपुरतं हाय," नागव्वा म्हणाली.

"वातीपुरतं तर वातीपुरतं. गिरणीचं हाय."

सूत परत ढिगात गेलं. नागव्वा रडली. मग मुकादमीण तिला हाताला धरून सरळ साहेबांच्या खोलीत घेऊन गेली आणि कार्तिकात दर बाईला मूठभर सूत नेऊ द्या म्हणून अडून बसली. साहेब तरुण होते, त्यांनी हो म्हटलं. ती विजयानं परत आली. पण गंमत बघा, बायांना तेही आवडलं नाही. लक्ष्मक्का म्हणायची, "मागून आणलेल्या सुताची वात नीट जळत न्हाय बाई. फडफड करती नुसती."

मला तिचं फार भय होतं. तिच्या खोकल्याचंही. खात्यात शिरायच्या आधी लांबूनच ती मोठ्यानं खाकरायची. सुताचा भुगा घशात जातो, आम्ही सगळ्याच खोकायचो, म्हणून मी एकदा म्हटलं, "मावशीला बरं नाही का? औषध घ्यायला पाहिजे." सगळ्या हसायला लागल्या.

लक्ष्मक्का म्हणाली, "खोकला न्हाय तो, भंडारेवाली. भोंगा हाय. मी येतीया, कुणाचं काय झाकायचं असंल तर झाकून घ्या म्हणती ती."

मी मग लक्ष ठेवलं, तर खरंच. खाकरल्यावर ती जराशी दाराबाहेर रेंगाळायची, चप्पल झटकायची, पदर नीट करायची. तेवढ्यात गप्पा मारणाऱ्या बाया आपापल्या जागी पळायच्या, तंबाखूची डबी कमरेला जायची, डोळा लागलेल्या बाळंतिणीला कुणीतरी कोपरानं ढोसायचं. आणि मगच ती आत यायची. एकदा दिसलं की तिचा नाइलाज होता, म्हणून दिसू नये याची ती जमेल तेवढी खबरदारी घ्यायची. त्या दिवसापासून माझं भय निम्मं कमी झालं. पूर्ण नाही.

मुलाचं लग्न झालं आणि सूनही आमच्या खात्यात आली. मंद्रूपची मुलगी. सासूच्या अगदी उलट, बोलकी, हसरी, चार घरं फिरणारी. तिची जागा माझ्या शेजारी होती. मला भाकरी थापायला तिनंच शिकवलं. माझा पहिला नकाशा तव्यावर पडला तेव्हा म्हणाली, "ही भंडारा जिल्ह्याची का?" आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या परमुलखात माझ्याशी हसणारी ती पहिली. पुढं जे लिहायचं आहे ते म्हणूनच जड जातं.

तिला दिवस गेले. कुणीतरी तिला क्रोशाची सुई दिली होती आणि येणाऱ्या बाळाला तांबडं टोपडं विणायचं तिनं मनात घेतलं होतं. गिरणीत त्या आठवड्यात चादरींसाठी तांबडं सूत आलेलं. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या काळात भरलेली रिळं कमी पडत होती. एरवी झडती व्हायची ती फाटकावर, पाळी सुटताना. त्या दिवशी मात्र भोंग्याच्या आधीच साहेब, एक रखवालदार आणि झडतीवाली बाई थेट खात्यात आले. आमच्या डब्यांच्या पिशव्या दाराजवळच्या खुंट्यांवर टांगलेल्या असत. त्या एकेक करून उपड्या करायला लागले. माझ्या पिशवीतून रिकामा डबा पडला आणि त्याच्यामागून तांबड्या सुताचं भरलेलं रीळ घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेलं.

मी तो रिकामा डबाच उचलत बसले. आजूबाजूला मात्र लगेच सुरू झालं.

"परगावची हाय, काय सांगावं."

"आमच्यात असलं न्हाय बाई."

"गरीब दिसती वरनं!"

साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत. मला डोळ्यांसमोर खोलीचं भाडं दिसलं, नवऱ्याचं तोंड दिसलं, आणि चोरीचा शिक्का घेऊन उतरायचं ते गावचं स्टेशन दिसलं.

"थांबा साहेब," असा आवाज आला. खुंट्यांजवळच्या एका मशीनमागून मुकादमीण उठली. तुटलेला धागा काढायला ती तिथं खाली वाकून बसलेली, कुणाला दिसलीच नव्हती. ती पुढं आली. चष्मा काढला, काचा पुसल्या. मला वाटलं, संपलं.

"दिसलं मला. हिनं न्हाय ठेवलं ते. झडतीवाली आवारातनं येताना बघून माझ्या सुनंनं आपल्या पिशवीतनं काढलं आणि शेजारच्या पिशवीत टाकलं. ती पिशवी हिची."

साहेबांना आधी कळलंच नाही. "कुणाच्या सुनेनं?"

"माझ्या. ती बघा, तिसऱ्या मशीनवर उभी हाय ती."

सून पांढरी फटक झाली होती. पोटावर हात धरून ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई..." सासूनं तिच्याकडं बघितलं, नजर काढली नाही, पण शब्दही मागं घेतला नाही. साहेबांना ते प्रकरण तिथंच मिटवता आलं असतं. पण सगळ्या खात्यासमोर सांगितल्यावर काय मिटवणार? सुनेचं काम गेलं. मी राहिले.

संध्याकाळी त्यांच्या घरातले आवाज सगळ्या चाळीनं ऐकले. चढा आवाज मुलाचाच होता. "दोन शब्द गिळायचे हुते आई. पोटुशी हाय ती!"

"घशात अडकलं असतं," आई म्हणाली.

"आणि ती परकी बाई राहिली असती कामावर, न्हायतर गेली असती. आपल्याला काय त्याचं?"

त्याच आठवड्यात मुलगा आणि सून इचलकरंजीला निघून गेले. तिकडं पॉवरलूमवर काम मिळत होतं. जाताना सून माझ्या दारावरून गेली. मी उंबऱ्यात उभी होते. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमिणीकडं गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. तुमचे उपकार, तुम्ही माझ्या आईसारख्या, वगैरे. तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही.

"तुझ्यासाठी न्हाय केलं मी. तुझ्या जागी माझी वैरीण असती तरी हेच सांगितलं असतं. जा, भाकरी खा जा."

मी जिना उतरून आले. उपकार तर झालेले, पण ते फेडून घ्यायला समोर कुणी उभंच नाही. पुढं वर्षभरात मी कायम झाले, तीही माझी पाळी आली तेव्हाच, एक दिवस आधी नाही.

चाळीत तिच्याबद्दल दोन तट होते. कुणी म्हणे, देवमाणूस. कुणी म्हणे, दगड. मला दोन्ही पटायचं. मी तिच्यामुळं ताठ मानेनं फाटकातून आत जात होते, आणि रोज येता-जाता तिच्या बंद दाराकडं बघितलं की तीच मान खाली जायची. ती मात्र होती तशीच. खाकरत येत होती, चष्मा पुसत होती.

इचलकरंजीला मुलगा झाल्याचं कळलं. थोड्या दिवसांनी तिचा मुलगा एका दुपारी सोलापुरात आला, पण आईकडं न जाता माझ्या दाराशी आला. ओट्यावर बसून म्हणाला, "ताई, तुमी सांगून बघा तिला. बायकोचं म्हणणं एवढंच हाय, आईनं एकदा म्हणावं, नीट दिसलं न्हवतं. गिरणीत न्हाय, साहेबाला न्हाय. घरातल्या घरात, तिच्या माहेरच्यांपुढं. मग आमी येतो, बारशाला घेऊन जातो."

मी लगेच हो म्हटलं. तसं झालं तर सुनेच्या माहेरच्यांच्या लेखी मी चोर ठरणार होते. ठरू दे. कुठं मंद्रूप, कुठं मी.

मुकादमीण जोंधळे निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती सूप हलवत राहिली.

"म्हणा की मावशी," मी म्हटलं. "अंधुक दिसलं म्हणा. वय झालं म्हणा. मला काही वाटणार नाही."

"मग ते रीळ तुझ्या पिशवीत चालत गेलं व्हय?"

"गेलं म्हणा! मी ठेवलं म्हणा. नातू आहे तुमचा."

"घरात एक आणि गिरणीत एक?" ती म्हणाली. "तोंड एकच हाय की माझं." मग सूप खाली ठेवलं. जोंधळ्यात बोट फिरवत म्हणाली, "चूक माझीबी झालीया. त्या दिवशी मी हितं हाय म्हणून खाकराय पायजे हुतं. खाली वाकल्याली, धाग्याच्या नादात ऱ्हायलं. एकदा खाकरले असते तर पोरीनं हात मागं घेतला असता. ते माझ्याकडनं ऱ्हायलं. त्याची माफी मागायला सांग, मागते. तिच्या बापाच्या पायावर डोकं ठेवते. पर दिसलं न्हाय असं कसं म्हणू?"

मी ओट्यावर परत आले. मुलाला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ऐकलं, टोपी डोक्यावर घातली आणि आईच्या दाराकडं न बघता एस.टी. स्टँडकडं गेला. बारसं तिच्याशिवाय झालं.

मला त्या वेळी तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढं मोठं खोटंही नव्हतं ते. पण रात्रंदिवस विचार करून एक माझ्या लक्षात आलं. त्या चाळीत, त्या खात्यात, माझी बाजू घेणारं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. आणि तरीही माझ्या पिशवीत काय घडलं ते खरं सांगणारं माणूस होतं. आपलं माणूस असतं तर त्यानं आपल्यासाठी खोटंसुद्धा सांगितलं असतं. मला कुणी नसताना मी वाचले ती तिच्या या ताठपणामुळंच. आता तोच ताठपणा तिनं स्वतःच्या नातवासाठी वाकवावा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

काही वर्षं अशीच गेली. तिच्या निवृत्तीचा दिवस आला. नागव्वा, लक्ष्मक्का, सगळ्यांनी वर्गणी काढून तिला इरकल लुगडं घेतलं होतं. ते ती पाळी सुटल्यावरच घेणार होती, कामावर असताना नाही. त्या दिवशीही ती खात्यात वेळेवर हजर. माझी रिळं बघता बघता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "लेक आलाय सकाळी. इचलकरंजीला घेऊन जातो म्हणतोय."

माझ्या हातातला धागा तुटला. "आणि सूनबाई?"

"तीबी आलीया. बाहीर थांबते म्हणाली. पोरगं विचारतंय म्हणं, आपल्याला आजी का न्हाय. तिला काय सांगावं कळंना." ती माझा तुटलेला धागा जोडायला लागली. "तिनं सांगून धाडलंय, त्या दिवसाचं कुणी काढायचं न्हाय. मी म्हटलं, विचारलं तर सांगणार. न विचारता मी कशाला बोलू?"

"मग? काय म्हणाली?"

"न्हाय विचारणार म्हणाली." धागा जोडून झाला. तिनं गाठ नखानं दाबून बघितली. "जमंल तसं."

त्या दिवशी संध्याकाळी ती गेली ती गेलीच. इचलकरंजीला कशी राहिली, सुनेनं कधी विचारलं का, मला ठाऊक नाही. मधल्या काळात नवऱ्याचं काम दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, आम्ही सोलापूर सोडलं. ती वारल्याचं फार उशिरा कुणाकडून तरी कानावर आलं. माझ्याकडं आहे ते फक्त त्या संध्याकाळचं फाटक.

भोंगा झाला. आम्ही सगळ्या तिच्यामागं चाललो होतो. फाटकाशी झडतीवाली बाई तिला बघून बाजूला सरली. "जावा मावशी. आज कसली झडती?"

"काल घेतलीस की. आज का न्हाय?" असं म्हणून तिनं दोन्ही हात वर केले.

फाटकाबाहेर रसाच्या गाडीजवळ मुलगा उभा होता. त्याच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन, सून. ती तोंड फिरवून उभी नव्हती, एवढं मी बघितलं. मुलाच्या खांद्यावर तीन-चार वर्षांचं पोर बसलं होतं. त्यानं आजीला कधी बघितलेलं नव्हतं. फाटकाच्या आत एक म्हातारी बाई आपल्याकडं तोंड करून हात वर करून उभी आहे, म्हटल्यावर त्याला जे कळायचं ते कळलं. घ्या म्हणताना मुलं करतात तसे त्यानंही दोन्ही हात वर केले.

झडतीवालीनं कमरेवरून हात फिरवला, पदर चाचपला. "झालं मावशी," ती म्हणाली.

झडती संपली होती, पण तिनं हात खाली घेतले नाहीत.